इटलीचा समुद्रकिनारा : गांव कोणतें निवडावें?

इटलीचा नकाशा पुढें घेऊन बसलें म्हणजे मनुष्य प्रथम हर्षित होतो आणि अर्ध्या तासानें गोंधळून जातो. तीन बाजूंनीं समुद्र, किनाऱ्याची लांबी सुमारें साडेसात हजार किलोमीटर, आणि त्यावर शेंकडों गांवें. प्रत्येकाचें चित्र दुसऱ्याहून मोहक! २०२४ च्या जून महिन्यांत आमच्या घरची सात मंडळी पुण्याहून तिकडे जाऊन आली. आमच्या वडील बंधूंचे थोरले चिरंजीव बोलोन्या येथील विद्यापीठांत शिकतात. तेव्हां भेटीची भेट आणि समुद्राची हवा, असा दुहेरी बेत होता. मात्र समुद्राची हवा कोणत्या गांवीं खावी, ह्याबद्दल निघण्यापूर्वीं दोन महिने आमच्या माजघरांत जो वाद माजला होता, तो एखाद्या नगरपालिकेच्या सभेला शोभला असता. त्या वादांत आम्ही स्वतः चुकीच्या पक्षाला होतों, हें आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे पुढील मजकूर वाचकांस योग्य त्या सावधगिरीनें वाचतां येईल.

वादांत जिचें म्हणणें सर्वांत थोडें आणि सर्वांत स्पष्ट होतें, तिच्याकडेच आमचें लक्ष नव्हतें. आमच्या मातुःश्रींचें वय एकूणऐशीं. माहेर गुहागरचें, लग्न होऊन पुण्यास आल्यापासून समुद्राशीं संबंध राहिला तो वर्षां-दोन वर्षांनीं एखादे दिवशीं. आतां गुडघे दुखतात. त्या एवढेंच म्हणाल्या, "चित्रें तुम्ही बघा. मला पाण्यांत पाय सोडून चार दिवस बसायचें आहे." ह्यावर सर्वांनीं मान डोलावली आणि पुन्हां चित्रें बघण्यास आरंभ केला.

वहिनींचा ओढा आमाल्फीच्या किनाऱ्याकडे होता. नेपल्सच्या दक्षिणेस डोंगराच्या कड्याला चिकटून गेलेला तो रस्ता, आणि पोझितानो गांवचीं एकावर एक रचलेलीं घरें! जॉन स्टाइनबेक ह्या अमेरिकन लेखकानें १९५३ सालीं पोझितानोवर एक लेख लिहिला, आणि तेव्हांपासून तेथील शांतता संपली असें म्हणतात. लेखकांनीं आवडत्या गांवाविषयीं मौन पाळावें हेंच बरें. परंतु तें गांव म्हणजे एक मोठा जिनाच आहे. रस्ते थोडे, पायऱ्या फार. किनाऱ्यावर वाळू नव्हे, गोटे. आगगाडी सोरेन्तो किंवा सालेर्नोपर्यंतच. पुढें बस अथवा बोट. सोरेन्तोला तर उंच कड्याखालीं लांकडी धक्के बांधून त्यांवर लोक ऊन खात पडतात. हा बेत दादांनीं वेळापत्रक उघडून एका संध्याकाळींत मोडून काढला.

आमची स्वतःची आवड चेफालू. सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरील हें गांव आम्ही उभयतांनीं २०१९ सालीं पाहिलें होतें. पालेर्मोहून आगगाडीनें तासाभराच्या अंतरावर, पाठीमागें प्रचंड खडक, खालीं वाळूची अर्धचंद्राकृति पट्टी, आणि घरांच्या गर्दींतून वर आलेलें, नॉर्मन राजा दुसरा रॉजर ह्यानें ११३१ सालीं आरंभिलेलें भव्य मंदिर! आंतील काचेच्या तुकड्यांचीं चित्रें बायझंटाइन कारागिरांचीं आहेत. पालेर्मोस हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या रस्त्यावर मिळतात. त्या खातांना आमच्या सौभाग्यवतींस आपल्या पाटवड्यांची आठवण झाली होती. पण बोलोन्याहून सिसिली फार दूर. आगगाडीनें गेल्यास मेसिनाच्या सामुद्रधुनीवर डबे सुटे करून बोटींत चढवितात आणि पलीकडे उतरवितात. ही मौज आमच्या चिरंजीवांस अतिशय पसंत पडली, पण मातुःश्रींस एवढा प्रवास झेपणार नाहीं म्हणून चेफालूही मागें पडलें.

दादा पहिल्यापासून एकच नांव सांगत होते : रिमिनी. त्यास आम्ही सर्व हंसलों. छत्र्यांच्या रांगा, गर्दी, पाण्याला निळाई कमी. इटलीला जाऊन रिमिनीस जाणें म्हणजे काय! अखेर मुलांच्या बाजूनें आम्ही आपलें मत टाकलें आणि चिंक्वे तेर्रे, म्हणजे 'पांच गांवांचा मुलूख', मुक्रर झाला.

महिन्याविषयीं दोन शब्द येथेंच सांगावयास हवेत. आपल्याकडील मुलांची सुटी मे महिन्यांत. परंतु मे महिन्यांत इटलींत ऊन कडक आणि समुद्र मात्र गारठवणारा असतो. ऑगस्टमध्यें पाणी उत्तम, पण १५ ऑगस्ट हा त्यांचा मोठा सण. ऑगस्टस बादशहाच्या काळापासून चालत आलेली ही सुटी. तिच्या मागें-पुढें सारी इटली किनाऱ्यावर लोटते. सप्टेंबर सर्वांत चांगला, पण तेव्हां आपल्या शाळा चालूं. राहतां राहिला जूनचा पहिला पंधरवडा. तो आम्ही साधला, आणि त्याबद्दल पश्चात्ताप झाला नाहीं.

पश्चात्ताप झाला तो मानारोला येथें. ह्या पांच गांवांपैकीं हें चौथें. ला स्पेत्सियाहून गाडी एकामागून एक बोगद्यांतून जाते. मध्येंच क्षणभर समुद्र चमकतो आणि पुन्हां काळोख. स्टेशनांतून गांवांत जाण्यासही डोंगराच्या पोटांतून वाट आहे. बाहेर आलों तों पिवळीं, गुलाबीं, केशरीं घरें काळ्या खडकावर उभीं. वरती कोरड्या दगडांच्या बांधांवर पायऱ्यापायऱ्यांनीं चढत गेलेले द्राक्षांचे मळे. आणि रस्त्यांत, आपल्याकडे मोटारी उभ्या करतात तशा, होड्या उभ्या करून ठेवलेल्या! शेंकडों वर्षें माणसांनीं हातानें रचलेल्या ह्या बांधांमुळेंच १९९७ सालीं युनेस्कोनें हा मुलूख जागतिक वारशांत घेतला. चित्रांत जें दिसलें होतें, त्याहून रतिभर कमी नव्हतें.

आमचें बिऱ्हाड चौऱ्याऐशीं पायऱ्यांवर होतें. पायऱ्या किती, हें विचारण्याचें आमच्यापैकीं कोणासच सुचलें नव्हतें. मातुःश्री चार ठिकाणीं बसून वर चढल्या, आणि तीन दिवस खालीं उतरल्या नाहींत. खिडकींत खुर्ची टाकून त्या समुद्राकडे पाहात बसत. मुलें खालीं जात. आम्हीही गेलों. तेथें वाळू नाहीं; होड्या उतरविण्याचा उतार, खडक, आणि खोल हिरवें पाणी. तरुण मंडळी खडकावरून उड्या घेतात, शिडी धरून वर येतात. आमची कन्या तासन्‌तास पोहली. म्हाताऱ्या माणसानें पाय बुडवावे अशी जागा मात्र त्या गांवांत हातभरही नाहीं. पांच गांवांत खरी वाळू आहे ती एका मोन्तेरोस्सोस. कोर्निलिया तर इतकें उंचावर आहे कीं, स्टेशनापासून गांवांत जाण्यास पावणेचारशेंच्या वर पायऱ्या चढाव्या लागतात.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव धापा टाकीत वर आले. हातांत बादली. अर्धें पाणी पायऱ्यांवर सांडलें होतें. उरलेलें त्यांनीं एका पसरट भांड्यांत ओतलें आणि म्हणाले, "आजी, हा घे समुद्र." मातुःश्रींनीं लुगडें सांवरून पाय आंत ठेवले. "बरा आहे रे," त्या म्हणाल्या, "लाटा नाहींत, घसरण्याचें भय नाहीं." सर्वजण हंसले. आम्ही आणि दादा मात्र एकमेकांकडे पाहिनासे झालों. त्या रात्रीं दादांनीं पुतण्यास—म्हणजे आमच्या पुतण्यास, आपल्या चिरंजीवास—रिमिनीस जागा पाहावयास सांगितलें. मानारोलाचें पांच रात्रींचें भाडें आगाऊ भरलेलें होतें; त्यांतील दोन रात्रींचें पाण्यांत गेलें.

वाटेंत अर्धा दिवस व्हियारेज्जोस उतरलों. हें तोस्कानाच्या किनाऱ्यावरील जुनें नामांकित स्नानाचें गांव. वाळू रुंद, सपाट, पायऱ्यांचें नांव नाहीं. परंतु त्या दिवशीं वारा सुटला होता आणि रक्षकांनीं लाल बावटा लावला होता. म्हणून आम्ही किनाऱ्यावर नुसते हिंडलों. कॉलेजांत शेले वाचलेल्या माणसास हा किनारा मुकाट्यानें ओलांडवत नाहीं. १८२२ च्या ८ जुलै रोजीं लिव्होर्नोहून लेरिचीस होडीनें परत जातांना शेले वादळांत बुडाला. त्याचें प्रेत ह्या गांवाजवळ वाहत आलें, आणि साथीच्या रोगांविषयींच्या तत्कालीन कायद्यामुळें १६ ऑगस्टला वाळूंतच चिता रचून त्याला अग्नि देण्यांत आला. बायरन तेथें हजर होता. रक्षा पुढें रोमला पुरली. हें ऐकून मातुःश्रींनीं त्याचें वय विचारलें. तीस पुरें झालें नव्हतें असें सांगतांच त्यांनीं समुद्राकडे पाहून हात जोडले.

आतां रिमिनी. सौंदर्याच्या परीक्षेंत हें गांव मानारोलापुढें उभें राहणार नाहीं, हें प्रथम कबूल करतों. सुमारें पंधरा किलोमीटर लांब सरळ वाळू. तींत हजारों छत्र्या सैन्याच्या छावणीप्रमाणें ओळींत उभ्या. प्रत्येक स्नानगृहाला क्रमांक. समुद्राच्या अगदीं कडेची ओली पट्टी मात्र इटलीच्या कायद्यानें सर्वांना मोकळी आहे. तेथून कोणीही खुशाल चालत जावें. पो नदीच्या गाळामुळें पाणी काहींसें गढूळ. पण तळ इतका मंद उतरता कीं, कमरेइतकें पाणी लागण्यास पुष्कळ आंत जावें लागतें. येथें समुद्रस्नानाचें पहिलें गृह १८४३ सालीं निघालें. म्हणजे पाहुण्यांस पाण्यांत कसें उतरवावें, हें शिकण्यास गांवाला पावणेदोनशेंहून अधिक वर्षें मिळालीं आहेत, आणि तें पदोपदीं दिसतें. वाळूवर फळ्यांची वाट, सांवली, पिण्याचें पाणी, उंच आसनावर रक्षक. आमच्या खाणावळीला लिफ्ट होती. तिचें दर्शन होतांच वहिनींनीं निःश्वास सोडला.

पहिल्याच सकाळीं मातुःश्री दादांचा हात धरून फळ्यांवरून चालत गेल्या आणि पाण्यांत उतरल्या. पोटरीभर पाण्यांत खुर्ची ठेवली, तींत बसल्या, आणि नातवास विचारलें, "भरती केव्हां आहे?" गुहागरच्या माणसाचा हा पहिला प्रश्न. पुतण्या म्हणाला, "आजी, ह्या समुद्राला भरती नसल्यासारखीच." त्यांचा विश्वास बसला नाहीं. त्यांनीं एक काठी पाण्याच्या कडेला रोववली आणि धाकट्यास पाहारा बसविला. दुपारपर्यंत पाणी वीत-दीड वीत हाललें असेल. "एवढीच? ह्याला चंद्र दिसत नाहीं कीं काय?" चंद्र दिसतो, पण भूमध्य समुद्र चोहोंकडून कोंडलेला आहे. जिब्राल्टरपाशीं चौदा किलोमीटरांच्या चिंचोळ्या तोंडानें तो महासागराला मिळतो. आपल्या मुंबईसारखी दोन पुरुष पाणी चढविणारी भरती येथें यावी कोठून? सहा दिवस ती काठी रोववण्याचा क्रम चालला. शेजारच्या छत्रीखालीं बसणाऱ्या एक वृद्ध इटालियन बाई रोज काठी पाहून जात. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासभर बोलत.

खाण्याचें थोडक्यांत सांगतों. रिमिनीकडे 'पियादीना' नांवाची तव्यावरची पोळी घरोघर होते, पण जुन्या रीतीनें तींत डुकराची चरबी घालतात, म्हणून ऑलिव्हच्या तेलाची आहे काय, हें आधीं विचारावें, तीही मिळते. लिगुरियांत हरभऱ्याच्या पिठाचें, भट्टींत भाजलेलें 'फारिनाता' हें धिरडें निर्धास्त खावें. पार्मेझान चीज वासराच्या जठरांतील विरजणानें करतात, हें पुष्कळ शाकाहारी मंडळींस ठाऊक नसतें. मातुःश्रींचें पथ्य सौभाग्यवतींनीं नेलेल्या मेतकुटावर आणि भाजणीवर पार पडलें. म्हणून कुटुंबासह जाणारांनीं, निदान एक चूल वापरतां येईल, अशी जागा पाहावी.

रिमिनीचें आणखी एक कारण दादांनीं मनांत ठेवलें होतें, तें तेथें गेल्यावर कळलें. बोलोन्याच्या मार्गावर फोर्ली हें गांव आहे. तेथें दुसऱ्या महायुद्धांत पडलेल्या हिंदी सैनिकांची दफनभूमि, आणि ज्यांना अग्नि दिला त्यांचें स्मारक आहे. ह्याच प्रांतांतील सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजीं मराठा पलटणीचे नामदेव जाधव ह्यांनीं जखमी सोबत्यांस गोळीबारांतून वाहून आणलें आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. एक दिवस छत्र्या सोडून आम्ही फोर्लीस गेलों. शिळेवरील नांवें वाचीत दादा पुष्कळ वेळ उभे होते.

वहिनी अजून म्हणतात कीं, मानारोलाच्या खिडकींतून दिसणारा सूर्यास्त रिमिनीस नाहीं. खरें आहे, आद्रियाटिकचा किनारा पूर्वेकडे पाहतो, तेथें सूर्य समुद्रांतून उगवतो आणि गांवामागें मावळतो. घरीं परतल्यावर चेफालूचा विषय पुन्हां निघाला आहे. ह्या वेळीं पालेर्मोपर्यंत विमानानें जावें, असें दादांचें मत. मातुःश्रींनीं बोलोन्यास फोन करून विचारलें, "तिकडे घरापासून वाळूपर्यंत पायऱ्या किती?" पुतण्या चौकशी करून कळविणार आहे, सध्यां त्याच्या परीक्षा चालूं आहेत.