गोराईची तीन तिकिटे

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी हट्ट धरला, म्हणून आम्ही घरची पाच माणसे भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे गोराईला निघालो. १९८९ साली सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. शेजारचे १९९८ चे वॉटर किंगडम चालू आहे. त्यामुळे दोन्हींचे जोडतिकीट घ्यावे का, हा जुना प्रश्न उरला नाही. आता हिशेब एवढाच, तिकिटे किती? तेथे मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. धाकटीला घरीच दाराच्या चौकटीला उभी करून मापले. नायलॉनचा पोशाखही घरूनच घेतला, भाडे वाचले.

आई म्हणाली, "मी लुगड्यानिशी पाण्यात शिरू होय? माझं तिकीट नको." तिला फाटकाबाहेर बसवणे आमच्या जिवावर आले. पण पलीकडेच २००९ साली खुला झालेला विश्व विपश्यना पॅगोडा आहे, प्रवेश विनामूल्य. विपश्यनेविषयी आपल्या समाजात दोन मते आहेत, ती असोत. त्या सव्वातीनशे फुटी वास्तूत भगवान बुद्धांच्या अस्थी आहेत, आत आधाराला एकही खांब नाही. आम्हा दोघांपैकी एकजण आईबरोबर तिकडे गेला. तिकिटे तीनच काढली.

परतताना आई बसमध्ये म्हणाली, "पुढच्या खेपेला पोरांना आधी इकडं आणू." पोरे मात्र केव्हाच झोपली होती.