न दिसणारी जखम

तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे मागे टाकून केळदच्या दिशेने निघाले, की वाटेत पासली हे गाव लागते. सह्याद्रीच्या कुशीतला हा मुलूख! आषाढ लागला की येथील डोंगर धुक्यात बुडून जातात, ओढे दुथडी भरून वाहतात आणि खाचराखाचरांतून भातलावणीची एकच धांदल उडते. ह्या कामाला ठरलेला क्रम असतो. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर बी पेरायचे, खाचरात पाणी धरून चिखलणी करायची आणि मग रोपे उपटून लावायची. हा क्रम कोणी कागदावर लिहून ठेवीत नाही. तो शेतकऱ्याच्या मस्तकात वास करतो.

अशा गावातील एक शेतकरी आपण डोळ्यांपुढे आणू. तो कल्पनेतला असला, तरी त्याच्यासारखी माणसे जगात पुष्कळ आहेत. वय चाळीस, शिक्षण चौथीपर्यंत, गावात कष्टाळू म्हणून नावाजलेला. एके दिवशी घाटाच्या वळणावर मागून आलेल्या टेंपोचा त्याच्या मोटारसायकलला धक्का बसला. शिरस्त्राण नव्हते; डोके दगडावर आपटले. महिन्याभराने तो रुग्णालयातून घरी आला, तेव्हा जखम भरून आली होती. तो चालत होता, बोलत होता, माणसे ओळखत होता. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली.

परंतु लावणी आली आणि निराळेच दिसू लागले. तो बैल घेऊन खाचरावर जाई, पण जू घरीच राही. ते आणायला माघारी येई, तो वाटेत कुंपण दुरुस्त करीत बसे. चिखलणी अर्धी टाकून रोपे उपटू लागे. कोणी चूक दाखविली, की एकदम संतापे. पूर्वी त्याने पोरांवर कधी आवाजही चढविला नव्हता. कोणी म्हणाले, "आळशी झाला." कोणी म्हणाले, "बाहेरचे काही लागले." त्याची बायको मात्र एवढेच म्हणे, "आमचं माणूस पहिलं राहिलं नाही."

अगदी हेच उद्गार पूर्वी एकदा सातासमुद्रांपलीकडे निघाले होते. १८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज नावाचा रेल्वेच्या कामावरील एक मुकादम सुरुंगाची दारू ठाशीत असता स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. आश्चर्य असे, की तो जगला, चालू-बोलू लागला. पण त्याचा स्वभाव असा पालटला, की 'हा पूर्वीचा गेज नव्हे,' असे त्याचे स्नेही म्हणू लागले. पुढे त्याने चिली देशात घोडागाडी हाकण्याचे काम काही वर्षे केले, म्हणजे तो बराचसा सावरलाही. कपाळामागील मेंदू हा नियोजनाचा आणि संयमाचा आधार आहे, ही गोष्ट अशा रुग्णांनीच जगाला शिकविली.

मेंदूला झालेली इजा माणसाच्या वागण्यात कशी उतरते, हे तपासणाऱ्या तज्ज्ञाला न्यूरोसायकॉलॉजिस्ट किंवा चेतामानसशास्त्रज्ञ म्हणतात. ही विद्या एका दिवसात हाती येत नाही. मानसशास्त्राचे उच्च शिक्षण घ्यावे लागते, त्यानंतर रुग्णालयात राहून वर्षानुवर्षे रुग्ण पाहावे लागतात. बंगळूरला १९५४ साली सुरू झालेली आणि पुढे १९७४ पासून 'निम्हान्स' म्हणून ओळखली जाणारी संस्था ह्या विद्येचे आपल्या देशातील मोठे पीठ होय. कोणत्या वयाच्या व किती शिकलेल्या माणसाकडून चाचणीत कशाची अपेक्षा करावी, याची भारतीय मापे तेथील तज्ज्ञांनी २००४ साली प्रसिद्ध केली. चौथी शिकलेल्या शेतकऱ्याला पदवीधराच्या मापाने मोजणे हा अन्यायच नव्हे काय?

आपला शेतकरी पुण्याला अशाच एका तज्ज्ञ बाईंपुढे येऊन बसला. नुकसानभरपाईचा त्याचा दावा न्यायाधिकरणापुढे चालू होता. "बाई, मी आळशी नाही हो," हे त्याचे पहिले वाक्य. बाई म्हणाल्या, "दादा, म्हणूनच तर आपण तपासायचे." मग त्यांनी अंक म्हणून दाखविले आणि ते उलट क्रमाने म्हणावयास सांगितले, ठोकळ्यांची नक्षी जुळवावयास दिली, शब्दांची यादी ऐकवून अर्ध्या तासाने ती विचारली. शब्द त्याला बरेच आठवले, परंतु ज्या कामात पुढची पायरी आधी ठरवावी लागते, तेथे तो पुन्हा पुन्हा अडखळला.

तथापि एक प्रश्न उरला होता. पैशांसाठी तो सोंग तर करीत नव्हता? त्याचीही परीक्षा असते. माणसाला पन्नास चित्रे दाखवितात. मग प्रत्येक चित्र दुसऱ्या एका नव्या चित्राशेजारी ठेवून, आधी पाहिलेले कोणते, असे विचारतात. डोळे मिटून उत्तरे दिली, तरी सुमारे पंचवीस बरोबर यावीत. एखाद्याची दहाच बरोबर आली, तर त्याचा अर्थ काय? बरोबर उत्तर ठाऊक असल्यावाचून इतके चुकता येत नाही! शेतकऱ्याची अठ्ठेचाळीस उत्तरे बरोबर आली. तो मनापासून प्रयत्न करीत होता.

न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीच्या वकिलांनी विचारले, "हा चालतो, बोलतो, मग इजा कोठे आहे?" बाईंनी अडखळल्याच्या जागा एकेक करून दाखविल्या. नंतर शेतकऱ्याच्या बाजूच्या वकिलांनी विचारले, "म्हणजे हा आता कोणतेच काम करू शकणार नाही ना?" 'होय' म्हटले असते, तर गरिबाला चार पैसे अधिक मिळाले असते. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तसे मला सांगता येणार नाही. कोणी क्रम लावून दिला, तर तो पुष्कळ कामे करील." सत्य दोन्ही पक्षांना सारखेच अवघड असते.

तज्ज्ञाने आपली मर्यादा ओळखावी, हे न्यायालयांनीही अनुभवले आहे. २००८ साली पुण्यातील एका खटल्यात मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात धरला गेला आणि जगभर त्याची चर्चा झाली. मेंदूला एखादी गोष्ट ओळखीची वाटली, म्हणजे ती त्या माणसाने केलीच, असे होत नाही. ऐकलेली गोष्टही ओळखीची वाटू शकते. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशा चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाहीत. माणसाच्या मनाचे दार बळाने उघडण्याचा अधिकार यंत्रालाही नाही.

बाईंनी शेतकऱ्याला परत पाठविताना एक युक्ती सांगितली. पुढच्या आषाढात त्याच्या गोठ्याच्या भिंतीवर मुलीने खडूने लिहिले : जू, नांगर, दावे, भाकरी. एकेक वस्तू घेतली, की तो त्यापुढे खूण करी आणि मगच बैल सोडी. रागाच्या वेळी बायको शब्द वाढवीत नसे. 'जखम दुखते आहे' असे समजून घेई. त्या वर्षी खाचर थोडे उशिरा लागले खरे. पण सगळे लागले. आणि गावात त्याला आळशी म्हणणारे कोणी उरले नाही.