शाश्वत म्हणजे किती?

‘शाश्वत’ हा शब्द आम्हांस एम.ए.च्या वर्गात आत्म्याच्या संगतीत भेटला होता. तो एखाद्या कारखान्याच्या अधिकाऱ्याच्या ओळखपत्रिकेवर भेटेल, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते. गेल्या वर्षी आषाढात तसे घडले. सिल्व्हासाजवळच्या एका मोठ्या कंपनीतील ‘शाश्वत विकास’ विभागाच्या प्रमुख बाई आमच्या सरकारी शाळेत आल्या आणि त्यांनी मुलांच्या हातून शंभर रोपे लावून घेतली. छायाचित्रे निघाली, पेढे वाटले गेले. शाळेच्या गळक्या छपराचे पाहू, असे आश्वासनही मिळाले.

हे नवे पद आता मोठ्या कंपन्यांतून सर्रास दिसते, ते केवळ हौसेपोटी नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चण्याचे बंधन घातले. पुढे ‘सेबी’ने २०२२-२३ पासून शेअरबाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना वीज, पाणी, कचरा यांचा हिशेब प्रसिद्ध करावयास लावले. हिशेब आला की हिशेबनीस आलाच!

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखान्याबरोबर वसाहतही उभी केली, तेव्हा असा कायदा नव्हता. ती जबाबदारी मालकाच्या मनाची होती. आज ती पगारी माणसाच्या शिरावर आली आहे. पगारी माणसाची अडचण आमच्यासारख्या पगारी मुख्याध्यापकाने जाणावी, हेच बरे.

कारण यंदा वैशाखात बाईंचे पत्र आले. वार्षिक अहवालासाठी शंभर झाडे जिवंत असल्याचा दाखला हवा होता. आम्ही मोजणीस सातवीतील एका वारली मुलीला पाठविले; हापशावरून पाणी आणून रोपांना घालणाऱ्यांत ती पुढे असे. इकडे आमचे एक सहकारी म्हणाले, “सर, सही करून टाका. उगाच छप्पर अडकेल.” वाचकहो, खोटे कशाला सांगावे? ‘बहुतांश झाडे सुस्थितीत’ हे शब्द आमच्या लेखणीने कागदावर उतरविलेही होते. तोच मुलगी वही घेऊन दारात उभी राहिली. “गुरुजी, सदतीस.”

दमणगंगा नाशिककडच्या सह्याद्रीतून निघते, आमच्या कारखान्यांच्या प्रदेशातून वाहते आणि दमणला समुद्रास मिळते. तिच्या पाण्याचे आकडेही असेच कोणी तरी कोठे तरी लिहीत असेल. तेथेही कोणाचे तरी छप्पर अडकलेले असेल! या विचाराने आम्ही तो कागद फाडला. नव्या कागदावर ‘३७’ लिहिले आणि खाली कारणे दिली: मोकाट गुरे, कुंपणाचा अभाव, चैत्रापासून आटलेला हापसा.

चार दिवसांनी बाई स्वतः आल्या. पेढे नव्हते, छायाचित्रकारही नव्हता. त्या मुलीसह झाडाझाडापाशी गेल्या. निघताना म्हणाल्या, “सर, वरिष्ठांना शंभरच हवे होते. पण अहवालात सदतीसच जातील. कुंपणाचा खर्चही मी लावून धरीन.”

कुंपण जूनमध्ये झाले. छपराचे अद्याप काही कळलेले नाही. सातवीच्या वर्गात आम्ही बादल्या मांडल्या आहेत. मुलीची वही मात्र आता शाळेच्या दप्तरी ठेवली आहे. त्यात दर महिन्याला एक आकडा चढतो. श्रावणात तो सदतीसच होता.