चुन्याच्या टाकीपासून गॅमा मीटरपर्यंत

अंबड-घनसावंगीच्या ऊसपट्ट्यात गाळप सुरू झालं, की साखर कारखान्याच्या चुना विभागात काचेच्या हायड्रोमीटरला मोठा मान असे. आम्ही त्याला नुसतं 'बॉमे' म्हणायचो. कालवलेल्या चुन्याचा नमुना उंच नळकांड्यात घ्यायचा, बॉमे अलगद सोडायचा आणि चुना तळाशी बसायच्या आत आकडा वाचायचा. १५ अंश बॉमे म्हणजे घनता सुमारे १.११५. चुना कमी पडला तर आम्लामुळे साखर मोडते, जास्त झाला तर रस काळवंडतो. शेजारच्या भट्टीत गंधक जळत असे. तो वायू चुना घातलेल्या रसात सोडला, की कॅल्शियम सल्फाइटचा साका बसे आणि रस निवळे. जुने फिटर तर पंपाच्या आवाजावरून चुना दाट झाल्याचं सांगत. फार मोठी जाण होती ती.

गंधक आणि चुन्याची तीच जोडी आता वीज केंद्रांच्या धुराड्यापाशी पोचली आहे. शेजारच्या परळीत १९७१ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, तेव्हा धुरातल्या गंधकाची चर्चाच नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये त्यावर मर्यादा आल्या. जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सवलत मिळाली, ती मला पटलेली नाही. ट्रॉम्बे आणि डहाणूला धूर समुद्राच्या पाण्याने धुतात. समुद्रापासून लांब मात्र बहुधा चुनखडीचा गाळ फवारावा लागतो. त्यातून सल्फाइट होतं आणि हवा फुंकली की जिप्सम. मनोऱ्यातल्या गाळाची घनता १.१ च्या आसपास, म्हणजे आमच्या बॉमेच्याच टप्प्यातली. ती चढली की जिप्सम बाहेर काढायचं.

हा आकडा आता मीटर क्षणोक्षणी देतो, रात्रपाळीलाही. पण मीटर कोणता? कोरिऑलिस अचूक, मात्र गाळ त्याची नळी झिजवतो आणि बुडबुडे त्याला चकवतात. दाबफरकाचा स्वस्त, पण त्याच्या पडद्यावर खपली धरते. गॅमा मीटर पाइपच्या बाहेरूनच मोजतो, म्हणून चुनखडीच्या दाट गाळाला मी तोच निवडेन. त्यातल्या किरणोत्सारी स्रोतासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि शिस्त मात्र हवी. पाइपच्या आत थर बसला तर तोही खोटं बोलतो.

म्हणून तरुण इंजिनिअरांना विनंती आहे: मीटरची ऑर्डर देण्याआधी नमुन्याचा नळ नकाशात दाखवून घ्या, आणि दर पाळीला एक लिटर गाळ तोलून मीटरचा आकडा ताडून पाहा.