पोपटीचा पाला

पौषातल्या एका संध्याकाळी बाबा म्हणाले, “यंदा पोपटी लावायची.” ऐंशी वर्षांचे बाबा सहसा काही मागत नाहीत. त्यामुळे ही मागणी टाळता येईना आणि पुरवावी कशी, तेही कळेना. डोंबिवलीत नवव्या मजल्यावरच्या आमच्या घरात मडके ठेवायला जागा आहे. जाळ करायला नाही.

पोपटी रायगडची म्हणून प्रसिद्ध असली, तरी ठाणे जिल्ह्यातील आगरी गावांना ती परकी नाही. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो आणि थंडीच्या दवावर वाढतो. शेंगा भरल्या, की बांधावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये आले-लसूण-मिरचीचे वाटण चोळून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, सोबत अंडी, बटाटे, रताळी. वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी ठासून भरलेला पाला. मडके पालथे घालून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायचे. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचे बोट नाही. पाला आणि शेंगा यांचीच वाफ सारे शिजवते.

दूर हवाई बेटांवर ‘लाउलाउ’ नावाचा पदार्थ करतात. डुकराचे मांस आणि खारवलेला मासा अळूच्या पानांत बांधतात, वरून ‘ती’ नावाच्या झाडाचे पान गुंडाळतात आणि तापल्या दगडांच्या खड्ड्यात पुरून शिजवतात. अळू तेच, आपल्या परसातले. ‘ती’चे पान मात्र भांबुर्ड्यासारखे: वास आणि ओलावा देऊन फेकले जाणारे.

लहानपणी पाला आणणे हे माझे काम आणि जाळ सांभाळणे दादाचे. एकदा मी फार घाई केली, म्हणून दादाने मडके वेळेआधी उचलले. कोंबडी कच्ची निघाली. बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “वाफ एकदा गेली, की परत कोंडता येत नाही.”

२०१५ मध्ये आमच्या भागातील २७ गावे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत पुन्हा समाविष्ट झाली. वालाच्या शेतांचे भूखंड होणे त्याआधीच सुरू झाले होते. आमचे शेत विकायचे ठरले, तेव्हा दादाने माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले. कायद्याने मुलीलाही वाटा आहे, हे आम्हा दोघांना ठाऊक होते. मी सही केली. पण सही करताना जे बोलले, ते बोलायला नको होते. त्यानेही बोलून घेतले. त्यानंतर चार वर्षे आमचे येणे-जाणे बंद होते. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. कारण त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही.

पाल्यासाठी मी दोन रविवार हिंडले. अखेर पत्र्याचे कुंपण घातलेल्या एका मोकळ्या भूखंडावर तो दिसला. रखवालदाराने आत जाऊ दिले. पाच-सहा प्रकारची रोपे उपटून मी घरी आणली. बाबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी एकेक पान बोटांत चुरडून हुंगले. “हा नव्हे. हाही नव्हे.” मग एका उग्र वासाशी त्यांचा हात थांबला. “हा.”

त्या रात्री मी दादाला फोन केला. “तुझ्या अंगणात मडके लावायचे आहे. बाबांना हवे आहे.” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “शेंगा मी आणतो.”

अंगणात आम्ही मडके भरले. कामापुरते बोलत होतो: मीठ दे, पाला दाब, वारा कुठला आहे. अर्ध्या तासाने बाबांनी खुर्चीतूनच मडक्यावर पाणी शिंपडले. थेंब चर्र करून उडून गेले. दादाने मडक्याकडे हात नेला आणि माझ्याकडे पाहिले. “उघडू?”

“थोडे थांबू,” मी म्हणाले.

त्या संध्याकाळी हक्कसोडपत्राचा विषय निघाला नाही. ते कागद आहेत तेथेच आहेत आणि माझ्या मनातली सलही पूर्ण गेलेली नाही. पण कोंबडी हाडापर्यंत शिजली होती. बाबांनी शेंगा सोलून खाल्ल्या आणि मीठ कमी पडल्याचे सांगितले.

आठवड्याने दादाचा फोन आला. त्या भूखंडावर पावसाळ्याआधी खोदकाम सुरू होणार, हे त्याला कळले होते. “भांबुर्डा कुंडीत लागतो का, बाबांना विचार.”

मी विचारले. बाबा हसले. “अगं, तण आहे ते. लावायला गेलीस तर रुसेल. थोडी जागा मोकळी ठेवा. आपण होऊन येईल.”