रोवणीच्या दिवसांतील कोरडी चादर

धानाची रोवणी सुरू झाली, की आमच्या गोंदियाकडे कधीकधी चार-चार दिवस ऊन दिसत नाही. दोन खोल्यांच्या घरात दोरी बांधावी तरी कोठे? सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून रोज दोन चादरी आणि तीन गाऊन धुण्यास निघतात. वृद्धांच्या नाजूक त्वचेला दमट कापड सोसत नाही. जांघेत बुरशीचा संसर्ग होतो, शय्याव्रणांची भीती वाढते. म्हणून धुऊन वाळवणारे यंत्र घेण्याचे ठरले.

दुकानात ‘ड्रायर’ हा शब्द फारच सैलपणे वापरतात. दोन टबांच्या यंत्रातील ड्रायर कपडे गरगर फिरवून केवळ पिळतो; ते ओलसरच राहतात. उष्णतेने वाळवणारे यंत्र निराळे. त्यातही एक मेख आहे. धुण्याची क्षमता 8 किलो लिहिलेली असली, तरी वाळवण्याची बहुधा 5 किलोच्या आसपास असते. रुग्णाच्या घरी महत्त्व या दुसऱ्या आकड्याला. आम्ही तोच विचारून घेतला. वाळवणीला काही तास लागतात, वीजही बरीच जाते. 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि भरवशाचे अर्थिंग आधी करून घेतले.

यंत्राचे दार समोर, तेही खाली. माझे वय 64. वाकणे जमत नाही. स्टुलावर बसून कपडे काढते. ऊन पडले, की मात्र चादरी अंगणातील तारेवरच जातात. सासूबाईंना उन्हाचा वास आवडतो.