मागें वळणारा मित्र

केनेथ ग्रॅहम हे दहा वर्षें बँक ऑफ इंग्लंडचे चिटणीस होते. आपल्या लहान मुलाला सांगितलेल्या गोष्टींतून त्यांनीं ‘द विंड इन द विलोज’ ही अद्भुत कादंबरी रचिली. ती १९०८ सालीं प्रसिद्ध झाली.

तींतील एक प्रसंग माझ्या मनांतून जात नाहीं. बिळांत राहणारा मोल व नदीकांठचा उंदीर रॅट हे दोघे मित्र हिंवाळ्यांतील एका रात्रीं परत चालले आहेत. वाटेंत मोलला आपण सोडून दिलेल्या घराचा वास येतो. तो हांका मारतो. पण पुढें गेलेल्या रॅटला त्या नीट ऐकूं येत नाहींत. अखेर मोलला रडूं कोसळतें, तेव्हां रॅट स्वतःलाच दोष देतो व मागें वळतो. घरीं पोंचल्यावर मोल आपल्या गरिबीनें ओशाळतो. रॅट मात्र त्या घराची स्तुति करीत विस्तव पेटवितो.

हें वाचतांना मीच ओशाळलों. पूर्वीं वसतिगृहांतील एक मुलगा घरच्या आठवणीनें रडत होता. “अभ्यासांत मन घाल,” इतकेंच सांगून मी पुढें गेलों. सुटीनंतर तो परत आला नाहीं.

बालमित्रहो, नुसतें बरोबर चालणें म्हणजे मैत्री नव्हे. मागची हांक ऐकून थांबणें, आणि मित्राच्या लहानशा घराला मान देणें, हीच तिची कसोटी होय. वर्गांत तुमच्यामागें कोण मुकाट्यानें बसला आहे, तें आज एकदां वळून पाहा.